मेडशीची कोरांटी

मेडशी
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पाकीट फाडून टाकायच्या आधी माणूस निदान वरचं अक्षर तरी बघतो. माझं अक्षर तुला ओळखू येईल. तूच ते पाटीवर घोटून घेतलंस.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आहे. मी अजून तालुक्याला, मालेगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरच आहे. कसलीशी समिती येणार म्हणून सध्या आम्ही सगळे भिंतींवर तक्ते चिकटवतो आहोत. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं, आणि मधे मुलांना पेशीविभाजन शिकवायचं. मुलं खिडकीबाहेर बघतात, आणि खरं सांगायचं तर मीही बघते. दमले आहे, दादा. ही तक्रार नाही, नुसती बातमी समज.

आता ज्यासाठी बसले ते. अमरावतीच्या परिसंवादात मी तुझ्या कोरांटीबद्दल शंका मांडली आणि तू पहिल्या रांगेतून उठून गेलास. जाताना म्हणालास, "घरातलं चव्हाट्यावर आणलंस." मी मांडलेलं सगळं त्याआधी कितीतरी दिवस तुझ्या मेलमध्ये न उघडता पडलेलं होतं. त्यात माझा गुन्हा कोणता, तो मला अजून सापडलेला नाही. सापडला की कळवीन.

तेव्हा माझ्या हातात कच्चं काम होतं. आता पक्कं आलं आहे. मेडशी, किन्हीराजा आणि रिठद, तिन्हीकडच्या झुडपांची वाळवलेली पानं मी प्रयोगशाळेत पाठवली होती. तुझ्या कोरांटीचं, मेडशिएन्सिसचं, फूल सायीसारखं फिकट, कडेला निळसर झाक. काटे पिवळ्या कोरांटीचे, पान निळ्या कोरांटीचं. तू तिला स्वतंत्र प्रजाती ठरवलंस, गावाचं नाव दिलंस, आणि आजवर सगळ्यांनी ते मानलं. डीएनए मात्र मानत नाही. निम्मा पिवळीचा आहे, निम्मा निळीचा. पानातल्या हरितकणांचा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि तो सरळसरळ पिवळीचा आहे. म्हणजे हा संकर आहे.

हे तुला पचवता आलं असतं, पुढचं कठीण आहे. तिन्ही गावांतली झुडपं एकमेकांची भावंडंसुद्धा नाहीत, दादा. ती सगळी मिळून एकच झाड आहे. भावंडांत थोडा फरक असतो, आपल्यात आहेच. इथे काहीच फरक नाही. एकाच झुडपाच्या फांद्या तोडून कुणीतरी गावोगाव लावल्या आहेत असं ते दिसतं. कुणी आणि कशासाठी, ते मला कळत नाही.

प्रजाती खोडावी लागेल. ती मी खोडू नये असं मला वाटतं. तूच एक लेख लिही, दोन पानांचासुद्धा चालेल. स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं की त्याला अभ्यास म्हणतात. बहिणीनं केलं तर लोक त्याला भाऊबंदकी म्हणतील.

तुझी
पौर्णिमा


मेडशी
१ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हीच मला बातमी होती. त्यावर तीन शब्द: "नमुने पुन्हा तपास." मायना नाही, सही नाही, आईची चौकशी नाही. तरी तू पत्र उघडून वाचलंस एवढं त्यातून कळलं.

तुझं म्हणणं रास्तही आहे. लेबलं मीच लावली होती, आणि दमलेल्या माणसाच्या हातून तिन्ही पाकिटांत एकाच झुडपाची पानं जाऊ शकतात. मलाही ती भीती होतीच. म्हणून रविवार गाठून पुन्हा फिरले.

किन्हीराजाला नाल्याच्या काठावर तुझं झुडूप फुलावर होतं. मी कात्री काढली तर मागून आवाज आला, "काय तोडून राह्यली वो बाई?" वळून बघते तर कस्तुराबाई. त्यांचं शेत तिथे लागून आहे, डोक्यावर गवताचा भारा होता.

म्हटलं, "पानं पाहिजेत, मावशी. तपासायला."

"पानं ने. फांदी नको मोडू. अन् खाली पाय नको देऊ."

"काहून?"

"नाई देत," त्या म्हणाल्या आणि भारा सावरून तिथेच उभ्या राहिल्या. माझी पानं आत जाऊन पाकीट चिकटेपर्यंत हलल्या नाहीत.

रिठदला भागवतच्या वावरात गेले. तू त्याला ओळखतोस, तुझ्या वर्गात होता. तुझं झुडूप त्याच्या वावराच्या खालच्या टोकाला, ओढ्याला लागून आहे. तिथे मातीचा एक तुकडा बिनवाहीचा सुटलेला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "तिथून वखर वळवतो आमी. बाप वळवे, म्या बी वळवतो. कायले, ते बापाले कधी इचारलं नाई." मग हसून म्हणाला, "प्रसेनजितले सांग, त्याच्या झाडापायी माहे दोन तास कमी येतात." वावरातले तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, घड्याळातले नव्हेत. तू तिकडे डोंगरात राहून विसरला असशील म्हणून सांगितलं.

अजून एक. गेल्या मोसमात मी आपल्या नाल्याकाठच्या झुडपाच्या फुलांना रंगीत दोरे बांधून ठेवले होते. एकालाही बोंड धरलं नाही. तुझा मूळ लेख पुन्हा काढून वाचला. त्यात तूच लिहिलंस, "फळ आढळले नाही." प्रामाणिकपणे लिहिलंस. आपण दोघांनी त्याचा अर्थ असा घेतला की तू दिवाळीच्या सुट्टीत यायचास आणि फळं मागून धरत असतील. ती कधीच धरत नाहीत. या झाडाला बी नाही. माणसाच्या हाताशिवाय ते इथून तिथे जाऊच शकत नाही.

नवी पानं पाठवली आहेत. निकाल येईपर्यंत मी कुठेही काही छापायला देत नाही, एवढा शब्द देते.

आई बरी आहे.

पौर्णिमा


मेडशी
२२ डिसेंबर २०२४

दादा,

निकाल आला. तोच आहे. चार गोष्टी वेगळ्या लिहाव्यात असं मनात होतं, पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आई माझ्याशी बोलत नाही. बुधवारपासून. जेवते, औषध घेते, शेजारच्या राखीशी बोलते, माझ्याशी नाही. कारण विचारू नकोस. गुडघ्यांचं नाही एवढंच सांगते.

लेख मी लिहून ठेवला आहे. पाठवलेला नाही. तो का पाठवत नाही तेही आज विचारू नकोस.

पौ.


मेडशी
५ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

मागचं पत्र टाकलं आणि लगेच वाटलं, असं अर्धवट लिहून तुला टांगून ठेवणं बरं नाही. पण पूर्ण लिहायचं बळ नव्हतं. आज लिहिते. बसून वाच.

त्या बुधवारी आम्ही दोघी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होतो. निकाल नुकताच आला होता, मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि घरात आईशिवाय आहे कोण. तिला समजेल अशा भाषेत म्हटलं, "दादाचं ते झाड वेगळं नाही गं आई. कुणीतरी एकाच झाडाच्या फांद्या गावोगाव लावल्यात."

आईनं मान वर न करता म्हटलं, "रुपाबाईनं लावल्या."

मी विचारलं, कोण रुपाबाई? तांड्यावरची, म्हणाली. सुईण. आपल्या दोघांची नाळ तिनंच कापली. मेडशीत बाळंतपण असलं की तीच, किन्हीराजाला तिची लेक दिली होती तिकडेही तीच, आणि रिठदला तिची बहीण होती म्हणून तिकडेही. तिच्या अंगणात ती कोरांटी होती. कुठून आली कुणाला माहीत नाही, आपोआप उगवली म्हणायची.

मी म्हटलं, पण तिनं ती ओढ्या-नाल्यांच्या काठी कशाला लावली? तेव्हा आईचे हात थांबले. पुढचं तिच्याच तोंडून ऐक, मला माझ्या शब्दांत जमणार नाही.

"प्रसेनजितच्या आधी एक पोरगी झाली व्हती मले. दिवसभर राह्यली. मावळतीले गेली. तुहा बाप कामावर व्हता, त्याले निरोप भेटेपावतर सारं झालं व्हतं. रुपाबाईनं तिले लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं अन् नाल्यावर नेलं. कोल्हे उकरतात ना वो माय. म्हून तिनं वरतून कोरांटीची फांदी खोसली. काटे असतात तिले. पावसाचे दिवस व्हते, लागली फांदी. ज्याच्या घरी असं व्हये, त्याच्यासाठी ते तसंच करे."

दादा, तुझ्या लेखात झाडाच्या वस्तीबद्दल एक ओळ आहे: नाल्याकाठी, गावाच्या खालच्या अंगाला, ओल्या मातीत. किती जणांनी ती ओळ उचलली! मी स्वतः मुलांना ती शिकवली, या प्रजातीला ओलावा लागतो म्हणून. आपल्या गावांत तान्ही लेकरं कुठे पुरतात हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. लहानपणी त्या बाजूला खेळायला गेलो तर बाबा ओरडायचे. पण वही हातात घेतली की आपण नुसतं झाड बघायचो. झाडाची आवड म्हणून तू जे लिहिलंस ती माणसांची रीत होती.

आणि तुझा मूळ नमुना, ज्याच्यावरून प्रजाती ठरली, तो तू आपल्याच नाल्यावरून घेतलास. मी वर्तमानपत्रांची चळत घेऊन तुझ्या मागे उभी होते. आई पण आली होती. तिला काय काम होतं तिथे? तू कात्री लावलीस तेव्हा ती डोळे पुसत होती. तू विचारलंस तर म्हणाली, काटा लागला. तुझ्या लेखात जो फोटो आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्याचा काठ आलेला आहे. मी काल पुन्हा बघितला. आहे.

तू थोरला नाहीस, दादा. तुझ्याआधी एक आहे. हे लिहिताना मला रडू येतं आहे आणि थोडा रागही येतो आहे, तिनं एवढी वर्षं एकटीनं हे वागवलं म्हणून.

मग ती का बोलत नाही, ते ऐक. मी त्या वेळी तिला धीर द्यायला गेले आणि भलतंच बोलून बसले. म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. आता लेखात सगळं नीट होईल, ते जुनं नाव निघून जाईल." तशी तिनं सोललेले दाणे ताटातच ठेवले.

"पोरीचं बारसं नाई झालं," म्हणाली. "नाव नाई ठेवलं. नाव नसलं तं रडावं तरी कोनाच्या नावानं? मंग प्रसेनजित शिकला, अन् त्याच झाडाले नाव देलं त्यानं. म्या इचारलं, काय ठेवलं रे? तं म्हने, मेडशीची, असा अर्थ व्हते. म्या म्हटलं, बरं झालं. उशिरा का व्हयना, पोरीले नाव भेटलं. अन् तू शिकूनसवरून आता ते खोडून राह्यली?"

तेव्हापासून ती बोलत नाही, आणि तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

आता माझी अडचण बघ. लेख पाठवला तर आईच्या पोरीचं नाव मी माझ्या हातानं पुसणार. नाही पाठवला तर पुढच्या मुलांना मी वर्षानुवर्षं खोटं शिकवणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण प्रयोगशाळेत ती मूठ उघडली गेली आहे. आज मी गप्प बसले तर उद्या दुसरा कुणी लिहील, आणि त्याला नाल्याबद्दल काहीच माहीत नसेल. तुझ्याशी भांडताना मला सोपं जात होतं, तू चूक आणि मी बरोबर एवढाच हिशेब होता. आता मला कुणाशी भांडायचं आहे तेच कळत नाही. तू मोठा आहेस. निदान माझ्याहून तरी. काहीतरी सांग.

तुझी
पौर्णिमा


मेडशी
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट आलं. या वेळी मायना आहे, सहीसुद्धा आहे. तीन शब्दांवरून दीड पानावर आलास, प्रगती आहे म्हणायची.

संकर असला तरी नाव जात नाही, हे मला सुचायला हवं होतं. नामकरणाच्या नियमांचं ते कलम मी स्वतः शिकवते. पण डोकं शिणलं होतं, आणि खोडायचं की ठेवायचं एवढ्याच दोन वाटा मला दिसत होत्या. नावाच्या आधी गुणाकाराचं चिन्ह घालायचं, म्हणजे हा दोन प्रजातींचा संकर आहे हे वाचणाऱ्याला कळतं, आणि पुढे नाव तुझंच, तसंच, मेडशिएन्सिस. प्रजाती म्हणून ती गेली आणि नाव राहिलं. तुझ्या प्रजातीवर तूच पाणी सोडलंस, दादा. ते लिहिताना तुझा हात जड झाला असणार, अक्षरावरून कळतं. लेखावर पहिलं नाव मी माझं घालावं म्हणतोस, नाही घालणार. दोघांचं घालू, कुणाचं आधी ते आईला विचारू. वस्तीबद्दलची ओळ मी बदलली आहे. आता तिथे लिहिलं आहे: रानटी वस्ती नाही, माणसांनी, तान्ह्या मुलांच्या दफनाच्या जागी लावलेली. गावांची नावं आहेत, घरांची नाहीत.

शेवटी बारीक अक्षरात तू विचारलंस, आईनं मला कधीच का नाही सांगितलं? तुझं पत्र वाचून दाखवताना तो प्रश्नही तिला वाचून दाखवला. म्हणाली, "त्याले पहिला पहिला म्हून साऱ्याईनं मांडीवर घेतलं. त्याच्या हातून ते कायले काढून घेऊ?"

म्हणजे ती माझ्याशी बोलायला लागली आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

नाव राहतं हे सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. कागद आण म्हणाली. मी लेखाचं पहिलं पान दाखवलं. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण नावाच्या आधीची ती खूण बरोबर दिसली.

"हे फुली कायची? खोडलं ना?"

"खोडलं नाही गं. तिचे आई-बाप दोन वेगळे आहेत, त्याची खूण आहे ती."

तिनं कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "ते तं साऱ्याईलेच रायतात," म्हणाली आणि कागद मला परत दिला.

काल संध्याकाळी तिला हाताला धरून नाल्यावर नेलं. खूप दिवसांनी गेली. झुडूप फुललेलं आहे. ती काठावर बसली, मी उभी होते. निघताना तिनं तुझ्यासाठी निरोप दिला. तो जसा दिला तसा लिहिते, मधे माझं काही घालत नाही.

"बारशाले आत्या कानात नाव सांगते. तिची आत्या गेली, बाप गेला. मले ते इंग्रजी नाव म्हनता येत नाई. त्याले म्हनावं, तू ठेवलं नं नाव, मंग तूच ये अन् तिच्या कानात सांग. कागदावर लिहून तिले काय समजते?"

फुलं होळीपर्यंत राहतात. अकोल्याला उतर, तिथून वाशिमच्या गाडीनं मेडशी. फाट्यावर मी येईन.

तुझी
पौर्णिमा